भेटीचं काम

"आजपासून या शहराचं सांडपाणी," नगराध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, "पुन्हा वर तोंड काढण्याची हिंमत करणार नाही."

टाळ्या पडल्या. त्याच वेळी व्यासपीठामागे गटाराच्या उघड्या चेंबरशी उकिडवा बसलेल्या धाकट्याने धुराच्या यंत्राचा खटका दाबला, आणि मंडपवाल्याने व्यासपीठ दुसऱ्या एका चेंबरवर उभारलं आहे हे सगळ्यांना एकदमच कळलं. फळ्यांच्या फटींतून पांढरा धूर वर आला. बाई कमरेपर्यंत ढगात गेल्या. भाषण मात्र त्यांनी सोडलं नाही. नाकाला रुमाल लावून त्या 'दूरदृष्टी' या शब्दापर्यंत पोचल्या, तिथे त्यांना शिंक आली, आणि पुढचा परिच्छेद त्यांनी मोठ्या मनाने वगळला.

धाकटा म्हणजे नगरपालिकेचा ड्रेनेज अभियंता. गाव त्याला साहेब म्हणायचं. घरात तो शेंडेफळ असल्यामुळे कानशिलं पांढरी झाली तरी धाकटाच राहिला होता.

शहराची मलवाहिनी त्याच्या जन्माच्या आधीची. आंघोळीचं आणि संडासाचं पाणी जेमतेम वाहून नेईल एवढ्याच जाडीची, आणि वयोमानाप्रमाणे आतून आणखी अरुंद झालेली. एरवी ती कुरकुरत का होईना, काम करायची. जोराचा पाऊस आला की मात्र तिच्यात कुठूनतरी पावसाचं पाणी शिरायचं, ती फुगायची, आणि शहराच्या सगळ्यात खालच्या गल्लीत, सगळ्यात खालच्या घरात मोरीच्या जाळीतून वर यायची. ते घर धाकट्याच्या ताईचं होतं. पुढच्या दोन खोल्यांत ती बालवाडी चालवायची. मेव्हणे गेल्यापासून तिचं घर आणि तिचा दिवस, दोन्ही त्या बालवाडीवरच उभे होते.

गेल्या खेपेला मुलांच्या रंगीत सतरंजीखालून जे वर आलं, ते पाहून पालकांनी तिला सरळच सांगितलं होतं की आणखी एकदा असं झालं तर मुलं पाठवणार नाही. ताईने ही गोष्ट भावाला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडताना, मान वर न करता. त्यानंतर धाकट्याने वरिष्ठांचे उंबरे झिजवून हे यंत्र मिळवलं. वाहिनीत धूर सोडायचा. घराच्या हवेच्या नळीतून तो निघाला तर ठीक. छपराच्या पन्हळीतून निघाला तर त्या घराने पावसाचं पाणी गुपचूप गटारात सोडलं आहे असं समजायचं. असे चार-दोन लबाड सापडतील, त्यांचे पाइप तोडले की ताईची सतरंजी कोरडी राहील, असा त्याचा हिशेब होता. लबाड कोण असतील हेही त्याने मनात ठरवून टाकलं होतं. लॉन्ड्रीवाल्यावर त्याचा विशेष भर होता. दोषी घरांवर लावायला त्याने लाल झेंड्यांचा जुडगा सोबत आणला होता.

धूर पहिल्यांदा वाचनालयाच्या पन्हळीतून निघाला. मग दवाखान्याच्या. मग बेकरी, शाळा, टपाल कचेरी आणि नगराध्यक्षबाईंचं राहतं घर. पुढे तर सगळ्या छपरांनी ठरवून एकदमच सिगारेट पेटवावी तसं झालं. लॉन्ड्रीवाल्याचं छप्पर तेवढं निष्कलंक राहिलं.

झेंड्या पुरणार नाहीत हे धाकट्याला कळलं, पण जुडगा त्याच्या हातात तसाच राहिला तो त्यामुळे नव्हे. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत, त्याचे वडील बसले होते. काठीवर हनुवटी टेकून ते छपरांकडे पाहत होते आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं. संमेलनात आपलं पोर स्टेजवर आल्यावर बापाच्या तोंडावर येतं तसलं.

वडिलांना सगळं शहर मिस्त्री म्हणायचं. गुडघे बोलायला लागेपर्यंत त्यांनी निम्म्याहून जास्त घरांचे नळ, संडास आणि मोऱ्या जोडल्या होत्या.

"बस इथे," शेजारची खुर्ची काठीने ठोकत ते म्हणाले. "बघितलंस? इतकी वर्षं झाली, पण एकाही जॉइंटमधून धूर नाही. सगळा टोकातून."

"बाबा, हे पाइप तुम्ही जोडलेत?"

"मग काय तुझ्या नगरपालिकेने?"

मिस्त्रींची एक रीत होती. ठरलेलं काम संपलं, हत्यारं पुसून पिशवीत गेली, की ते घरच्या बाईला विचारायचे, "आता एक काम भेटीचं. सांगा." म्हणजे एक काम त्यांच्यातर्फे, फुकट. क्वचित कुणी गळका नळ दाखवे, कुणी हलणारा खिळा. पण बहुतेक बायका एकच सांगत: छपराचं पाणी अंगणात पडतं, चिखल होतो, तेवढं कुठेतरी जोडून द्या. मग मिस्त्री पन्हळीला पाइप लावत, तो भिंतीवरून ओळंब्यात खाली आणत आणि सगळ्यात जवळ जे असेल त्याला जोडत. जवळ नेहमी संडासाचं चेंबरच असे. पाणी दारातून गेलं की मिस्त्रीचं काम संपलं, असं ते हाताखालच्यांना शिकवत. शहरातली निम्मी अंगणं त्यांच्या भलेपणावर कोरडी होती. धाकटा त्या वर्षांत बाहेरगावी होता. पाणी उतारावरून कसं वाहतं, हे शिकायला त्याला पाठवलं होतं.

आता या परीक्षेची आगाऊ सूचना अग्निशमन दलाला दिलेली होती, नाही असं नाही. ती दलाच्या प्रमुखाला मिळालीही होती, आणि तो ती खिशात घालून भाषणाला टाळ्या वाजवायला आला होता. ठाण्यावर राहिलेल्या लोकांनी खिडकीतून पाहिलं तर शहर पेटलेलं. कित्येक महिने हातावर हात ठेवून बसलेली ती माणसं घंटा बडवत चौकात आली आणि त्यांनी वाचनालय, दवाखाना आणि बाईंचं घर यांच्या छपरांवर जीव तोडून पाणी मारलं. प्रमुख खुर्च्यांच्या रांगा ओलांडून, दोन्ही हात हलवत पोचेपर्यंत बंब रिकामा झाला होता. ते सगळं पाणी पन्हळींतून पाइपात आणि पाइपांतून चेंबरांत गेलं. वाटेत एक थेंब सांडला नाही. मिस्त्रींचे जॉइंट होते.

थोड्या वेळाने धाकट्याचा फोन वाजला.

"धाकट्या," ताई म्हणाली, "तुमच्याकडे पाऊस पडतोय का रे?"

"नाही. लख्ख ऊन आहे."

"इथेही ऊनच आहे." मागे मुलांचा कल्ला ऐकू येत होता. "मुलांना टेबलांवर बसवलंय मी."

बालवाडीतली मुलं खुशीत होती. एरवी टेबलावर चढलं की ओरडा खायला मिळायचा, आज ताईने स्वतः उचलून चढवलं होतं. खाली काळपट पाणी हळूहळू फिरत होतं, त्यावर खडूंचा एक डबा तरंगत होता, आणि एक मुलगी दोन्ही हात तोंडाशी धरून बोटीचा भोंगा वाजवत होती. ताई मुलांना एकेक करून दारातल्या पालकांच्या हाती देत होती. देताना प्रत्येकाचं नाक पुसत होती, जणू काही गडबड झालीच असेल तर ती नाकाचीच.

शेजारच्या काकू आपला खराटा घेऊन आल्या होत्या. त्या एकट्या राहत, आणि त्यांचं घर ताईच्या घराहून एकाच पायरीने उंच होतं. दर खेपेला त्या न बोलावता येत, कपडे वर खोचून पाणी दाराबाहेर लोटायला लागत आणि काम संपेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या ऑपरेशनची साद्यंत हकिगत सांगत. आज पित्ताशयाची पाळी होती.

धाकट्याबरोबर आलेले मिस्त्री काठी टेकत मोरीपर्यंत गेले. जाळीतून अजून बुडबुडे येत होते. ते वाकले.

"हा जॉइंट माझा नाही," ते म्हणाले.

ते खरंच होतं. ही गल्ली दुसऱ्या एका मिस्त्रीची होती, आणि तो मिस्त्री भेटीची कामं करणाऱ्यांतला नव्हता. पण त्या क्षणी या माहितीचं काय करायचं ते कुणाला कळलं नाही. काकूही पित्ताशयावर थांबल्या.

"हे येतं कुठून?" मिस्त्रींनी विचारलं.

"वरून," धाकटा म्हणाला.

"वरून म्हणजे?"

"छपरांवरून. सकाळी धूर आला ना, त्या."

मिस्त्री बोटांवर मोजायला लागले. अंगठा एकेका पेरावरून सरकत गेला, एक हात संपला, दुसरा सुरू झाला. मध्येच ते थांबले आणि त्यांनी तो हात खिशात घातला. घरी परतेपर्यंत तो त्यांनी बाहेर काढला नाही.

हे पाणी पावसाचं नसून बंबाचं असल्यामुळे ही खेप मोजायची नाही, असं पालकांनी समंजसपणे ठरवलं. पुढची मात्र मोजणार होते.

दुसऱ्या दिवशी धाकटा नगराध्यक्षबाईंकडे गेला. पाइप घरांच्या भिंतींवर होते, घरं लोकांची होती, तेव्हा लोकांची संमती हवी, असं बाई म्हणाल्या. स्वतःच्या पाइपाबद्दल त्यांची काहीच हरकत नव्हती. पण सुरुवात आपल्यापासून केली तर त्यात राजकारण दिसेल, म्हणून त्यांचा शेवटी तोडावा. लोकांचं म्हणणं आणखी सोपं होतं. मिस्त्रींनी जोडलं आहे, मिस्त्रींनी सांगितलं तर बघू.

म्हणून मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. धाकटा बरोबर होता, करवत त्याच्या पिशवीत होती. प्रत्येक दारात मिस्त्री काठी भिंतीला टेकवून उभे राहत आणि एकच वाक्य म्हणत, "तो पाइप मी चुकीचा जोडलाय, काढू द्या." वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं. म्हणताना ते समोरच्या माणसाकडे न बघता पाइपाकडे बघत.

त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येक घरात त्यांना आत नेऊन बसवलं. चहा झाला. बेकरीवाल्याने नातवाला बोलावून पाइप दाखवला आणि पूर्वी कामं कशी व्हायची ते समजावून सांगितलं. टपाल मास्तरांनी तो पाइप अलीकडेच रंगवून घेतला होता. डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला घेतलं. या वयात माणसाला स्वतःच्या कामाबद्दल असे संशय येतात, ते म्हणाले, तुम्ही त्यांना मनाला लावून घेऊ देऊ नका, झोपेची गोळी लिहून देतो. आणि निघताना सगळीकडे एकच प्रश्न आला: आमच्या एका पाइपाने असं काय होणार आहे? हे म्हणणं ज्याचं त्याचं सुटं घेतलं तर अगदी खरं होतं. त्यामुळे त्यावर बोलायला जागाच राहत नव्हती. संमती अशी फक्त लॉन्ड्रीवाल्याने दिली. आपल्याला पाइप असता तर हसत काढू दिला असता, असं त्याने रस्त्यात थांबवून सांगितलं.

घरी आल्यावर मिस्त्रींनी शर्ट बदलला, धाकट्याच्या पिशवीतून करवत काढली आणि स्वतःच्या घराचा पाइप कापला. कापलेला तुकडा त्यांनी हातात धरून आतून पाहिला, टोकं बोटाने साफ केली आणि माळ्यावर ठेवायला दिला.

धाकट्याने नंतर आकडेमोड करून पाहिली. त्या एका पाइपाने ताईच्या मोरीत जो फरक पडणार होता, तो मोजायला त्याच्याकडे पुरेसं बारीक माप नव्हतं. नवी वाहिनी टाकण्याचा प्रस्ताव त्याने पुन्हा एकदा वर पाठवला. प्रस्ताव वर जातात, आणि सांडपाण्यासारखे खाली येत नाहीत.

त्या आठवड्याच्या शेवटी आभाळ दाटून आलं. दुपारीच दिवे लावायची वेळ आली. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता आणि शहरभर बायका अंगणातले कपडे काढत होत्या. अंगणं अर्थात कोरडी राहणार होती.

धाकटा वेळेआधी घरी आला. कागदात गुंडाळलेली एक जड वस्तू त्याने वडिलांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेला. मिस्त्रींनी कागद सोडला. आत झडप होती. एकाच बाजूला उघडणारी, ओतीव लोखंडाची, कार्यालयाच्या कपाटात बरीच वर्षं पडून असलेली. घराच्या नळीत ती बसवली की घरातलं पाणी बाहेर जातं. वाहिनी फुगून उलटी आली की ती दाबाने मिटते. ताईने पूर्वी एकदा तिच्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा धाकट्याने, साहेबाच्या आवाजात, असं करता येत नाही म्हणून सांगितलं होतं. का ते तिने विचारलं नाही, आणि पुन्हा विषयही काढला नाही.

मिस्त्रींनी झडप कानाशी धरून हलवून पाहिली. मग पिशवी मागितली.

ताईच्या घराचं चेंबर बाजूच्या अंगणात, काकूंच्या भिंतीला लागून होतं. मिस्त्री पोत्यावर पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. धाकटा बॅटरी धरून उभा होता. दारात ताई होती. पाऊस येणार म्हणून ती मुलांच्या छोट्या खुर्च्या एकीवर एक चढवून ठेवत होती, आणि त्यातली एक तशीच तिच्या हातात राहिली होती.

"आतलं बाहेर जाईल," धाकटा हलक्या आवाजात म्हणाला. "बाहेरचं आत येणार नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. पाना फिरला. दोन आटे बसले. मग पाना थांबला.

"मग ते जाईल कुठे?"

उमेदीच्या साऱ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. बॅटरी धाकट्याने चेंबरातच धरली होती, पण त्याची नजर भिंतीकडे गेली, आणि पोत्यावरून मान वळवून मिस्त्रींची नजरही गेली. भिंतीवर काकूंचा खराटा उलटा उभा करून वाळत ठेवला होता. परवाच्या कामाचा.

ताईनेही तिकडे पाहिलं. मग हातातल्या खुर्चीची गादी तिने उगाच झटकली, आत गेली, आणि चढवून ठेवलेल्या खुर्च्या एकेक करून पुन्हा खाली मांडायला लागली. आतून त्यांचा आवाज येत राहिला. लहान पाय, फरशीवर, ओळीने.

"बाबा," धाकटा म्हणाला, "राहू द्यायचं असेल तर—"

"बॅटरी नीट धर."

पाना पुन्हा फिरू लागला. शेवटचा आटा बसल्यावर मिस्त्रींनी जॉइंटवरून अंगठा फिरवला. झकास झाला होता. त्यांना वाईट जॉइंट करता येतच नसे.

धाकट्याने हात देऊन त्यांना उठवलं. भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. केव्हापासून खुडबूड ऐकतेय, त्या म्हणाल्या, काय चाललंय म्हटलं बघावं. पोरीचं काम केलंत, बरं केलंत, बिचारीच्या डोक्याला किती ताप होता. आता पाऊस आला तरी मला रात्री खराटा उशाशी घेऊन झोपायला नको. आणि मिस्त्री, तुमचे गुडघे कसे आहेत, गुडघ्यांचं आता ऑपरेशन होतं.

मिस्त्रींनी मान हलवली. एकेक हत्यार पुसून त्यांनी पिशवीत टाकलं. पाना, करवत, घासपट्टी. पिशवीचं तोंड आवळलं. आणि मग, जिभेला इतक्या वर्षांची सवय असल्यामुळे, दाराकडे वळून ते म्हणाले,

"आता एक काम भेटीचं. सांग."

"नको बाबा," आतून ताई म्हणाली. "एवढं पुरे."

पहिले टपोरे थेंब चेंबरच्या झाकणावर वाजले. धाकट्याने छत्री उघडली, पण ती नेमकी कुणावर धरावी ते त्याला ठरवता येईना.

"तिला नको असेल तर मला द्या की, मिस्त्री," काकू भिंतीवर कोपरं टेकवत म्हणाल्या. "तुमच्या भेटीच्या कामांचं नुसतं ऐकतच आले इतकी वर्षं, आमच्या गल्लीला कधी मिळालंच नाही. काही मोठं नाही. हे छपराचं पाणी, बघा ना, नेमकं उंबऱ्यावर पडतं आणि पाय सरकतो. तेवढं कुठेतरी जोडून देता का?"